सिग्नलवरची थरथर : प्रस्तावना

‘गाडी स्लो घेत नाही.’ गॅरेजच्या दारात गाडी लावता लावता गिऱ्हाईक एवढंच म्हणतं आणि मेस्त्रीला सगळं समजतं. रस्त्यावर पळताना गाडी ठीक असते. सिग्नलला पाय एक्सलेटरवरून काढला की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं, आरशातली मागची रिक्षा दोन-दोन दिसते, आणि हिरवा दिवा लागायच्या आत गाडी बंद पडते की काय या धास्तीनं माणूस उगाच रेस देत बसतो. यावर गॅरेजमध्ये मिळणारं उत्तरही ठरलेलं आहे : ‘स्लो वाढवून देतो.’ कार्बोरेटरवरचा एक स्क्रू अर्धा आटा फिरतो, इंजिन मोठ्यानं गुरगुरायला लागतं, थरथर त्या आवाजाखाली दबते. पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा त्याच दारात उभी.

ही पुस्तिका त्या अर्ध्या आट्याच्या विरोधात लिहिली आहे.

कोणत्या गाड्यांसाठी, ते आधी सांगतो. आमच्याकडे सगळे जिला अजून ‘फियाट’च म्हणतात ती प्रीमियर पद्मिनी, आणि कार्बोरेटरवाली मारुती 800, या दोन गाड्या डोळ्यांसमोर ठेवून बहुतेक प्रकरणं लिहिली आहेत. पहिली कुर्ल्याची. 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट म्हणून ती प्रीमियरच्या कारखान्यातून बाहेर पडली, सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. 1089 सीसीचं चार सिलिंडरांचं इंजिन मात्र शेवटपर्यंत राहिलं. दुसरी डिसेंबर 1983 मध्ये गुडगावच्या कारखान्यातून आली, 796 सीसी, तीन सिलिंडर, आणि जानेवारी 2014 पर्यंत बनत राहिली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून 2023 च्या ऑक्टोबर अखेरीस ती रस्त्यावरून गेली आणि वर्तमानपत्रांत तिच्यावर हळवे लेख आले. घरगुती गाड्या मात्र अजून आहेत. वडिलांची म्हणून ठेवलेली, सोसायटीच्या कोपऱ्यात कव्हर घालून उभी, रविवारी देवळापर्यंत जाणारी. त्या गाड्यांचे पॉइंट डोळ्यांनी जुळवणारे मेस्त्री आता निवृत्त होताहेत आणि त्यांच्या जागी आलेली हुशार पोरं आधी स्कॅनर कुठे लावायचा ते विचारतात. फियाटला स्कॅनर लावायला जागाच नाही. तिचं दुखणं तिच्याच तोंडून ऐकावं लागतं.

आता हे दुखणं नेमकं स्लोलाच का दिसतं? पुढचं सगळं यावर उभं आहे, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

फियाटचं इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला साधारण 800 फेरे घेतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे एका सिलिंडरचे मिनिटाला 400 बार, चौघांचे मिळून 1600, सेकंदाला सव्वीस-सत्तावीस. त्यातला एक सिलिंडर गप्प बसला की सेकंदाला सहा-सात वेळा इंजिनाची ठेच लागते, आणि सहा-सात ठेचा माणसाच्या कमरेला स्पष्ट कळतात. हेच इंजिन 3000 फेऱ्यांवर असेल तर त्याच मेलेल्या सिलिंडरच्या ठेचा सेकंदाला पंचवीस होतात आणि त्यांची नुसती गुणगुण उरते. फ्लायव्हील जोरात फिरत असतं, ते एखादी चुकलेली ठिणगी पोटात घेऊन पुढे जातं. स्लोला त्याच्याकडे तेवढी शिल्लक नसते. शिवाय थ्रॉटल जवळजवळ बंद, सिलिंडरमध्ये ताजी हवा-पेट्रोल थोडं, मागच्या बाराचा उरलेला धूर जास्त. अशा मिश्रणाला पेटायचीच फारशी हौस नसते. जी ठिणगी घाटात भरल्या पोटी चालून जाते ती इथे उपाशीपोटी कमी पडते.

आणि हवेचं गणित तर फारच नाजूक. स्लोला इंजिन मॅनिफोल्डमध्ये जबरदस्त ओढ निर्माण करतं, निरोगी इंजिनात पाऱ्याच्या 18 ते 20 इंचांची. हवा जायची वाट मात्र केसाएवढी. तिथे पॅकिंगमधून चोरवाटेनं शिरणारी चिमूटभर हवासुद्धा एकूण हवेचा मोठा हिस्सा होऊन बसते आणि मिश्रण पातळ पडतं. थ्रॉटल उघडला की खरी हवाच इतकी येते की त्या चिमटीला कोणी विचारत नाही. रस्त्यावर गाडी ठीक चालते ती याच कारणानं, आणि त्यामुळेच मालक मनाची समजूत घालतो की विशेष काही नाही.

(व्हॅक्यूम गेज घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. मुंबईत 19 इंच दाखवणारा काटा त्याच गाडीत पुण्याला 17 च्या आसपास येतो. समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी. एका ओळखीच्या गृहस्थांनी या दोन इंचांपायी इंजिन खोलायला काढलं होतं.)

माझ्यावर या विषयाची वेळ आली ती वडिलांच्या 1986 च्या पद्मिनीमुळे. पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला ती मिसिंग मारायला लागली. मी तेव्हा पंचविशीत होतो आणि एका पुस्तकातली आकृती पाहून मला कार्बोरेटर समजला होता. रविवारी तो खोलला, आईच्या स्टीलच्या पातेल्यात पेट्रोल घालून त्यात बुडवला, जेट फुंकले, परत बसवला आणि पुन्हा सुटायला नको म्हणून दोन्ही नट चांगले करकचून आवळले. गाडी आधीपेक्षा वाईट. पुढच्या रविवारी प्लग आणि पॉइंट एकदम बदलले. थोडा फरक पडला, पण कशानं पडला ते कळायला मार्ग नव्हता, कारण दोन्ही एकदम बदलले होते. तिसऱ्या रविवारी मी मिक्स्चरचा स्क्रू इतका फिरवला की मूळ जागा कोणती हेच विसरलो. पातेलं आईनं त्यानंतर स्वयंपाकघरात घेतलं नाही.

शेवटी नाना पेठेत स्पेअर पार्ट्सच्या दुकानांमागे एका बोळात गॅरेज असलेल्या म्हाताऱ्या मेस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी आधी गाडी नुसती चालू ठेवली आणि हातभर लांबीची रबरी नळी घेतली. एक टोक कानाशी, दुसरं टोक कार्बोरेटरच्या बुडाभोवती हळूहळू फिरवत राहिले. एका जागी थांबले आणि नळी माझ्या कानाला लावली. आतून प्रेशर कुकरची शिट्टी सुटायच्या आधी येतो तसा बारीक फुस्स आवाज येत होता. मग त्यांनी कार्बोरेटर उतरवला, दुकानातल्या काचेवर बुडावर उभा ठेवला आणि फीलर गेजची एक पट्टी त्याच्या बुडाखाली सरकवली. पट्टी मधून आरपार गेली. दोन्ही कानांकडे आवळल्यामुळे बुडाचा पत्रा होडीसारखा वाकला होता. आवळणारा मीच. ‘कार्बोरेटर चांगला होता,’ ते म्हणाले, ‘तू बिघडवलास.’

काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यांनी ते बूड घासून सपाट केलं, नवं पॅकिंग घातलं, नट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे करत बेताचे आवळले. फुस्स थांबलं. मिसिंग मात्र होतीच. जी मूळची होती, ती. तोवर अंधार पडला होता. मेस्त्रींनी गॅरेजमधला बल्ब मालवला आणि मला बॉनेटमध्ये बघायला सांगितलं. तीन नंबरच्या प्लगची वायर जिथे इंजिनाच्या पत्र्याला घासत होती तिथून निळा धागा लुकलुकत होता, इंजिनाच्या तालात. करंट प्लगपर्यंत पोचण्याऐवजी वाटेतच उतरत होता. एक वायर बदलली. ती वायर पहिल्याच रविवारी बदलली असती तर बाकीचं काहीच करावं लागलं नसतं.

या पुस्तिकेतली प्रकरणांची मांडणी त्या संध्याकाळवरून बेतलेली आहे. आधी ठिणगी, मग हवा, मग इंजिनाचं आतलं आरोग्य, आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलट करतात. कारण कार्बोरेटर समोर असतो, स्क्रू हाताला येतो, फिरवला की लगेच काहीतरी होतं. वायर, रोटर, कंडेन्सर यांच्याकडे पाहून काही कळत नाही, म्हणून त्यांच्यावर संशय येत नाही. माझं मत विचाराल तर स्क्रूड्रायव्हर ही या कामात शेवटी हातात घ्यायची वस्तू आहे. तो उचलण्याआधी एवढं करा : स्क्रू पूर्ण आत जाईपर्यंत किती आटे बसतात ते हलक्या हातानं मोजा, वहीत लिहा आणि तेवढेच बाहेर काढून ठेवा. परतीचा रस्ता राहिला पाहिजे.

ठिणगीच्या प्रकरणात सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे मेलेला सिलिंडर शोधणं. इंजिन स्लोवर ठेवून एकेका प्लगची वायर सुकी, जाड मुठीची पक्कड वापरून क्षणभर काढायची. इंजिन आणखी अडखळलं तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर चोर सापडला. वायर हवेत लोंबकळत ठेवायची नाही, इंजिनाच्या पत्र्याजवळ धरायची. हे पॉइंटवाल्या गाड्यांसाठी; इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर हा खेळ करू नका, त्यांचा करंट जास्त जोरकस असतो आणि मॉड्यूल महाग. आणि मारुतीला तीनच सिलिंडर आहेत हे विसरू नका. एक गेला की तिसरा हिस्सा गेला, म्हणून ती फियाटपेक्षा जास्त हलते. मुळात ती निरोगी असतानाही थोडी हलते. तिच्या प्रत्येक थरथरीला रोग समजायचं कारण नाही.

सिलिंडर सापडला की त्याचा प्लग काढून उजेडात धरा. टोक भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीच्या रंगाचं असेल तर तिथे जळण नीट होतंय. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमकुवत. चुन्यासारखं पांढरं म्हणजे मिश्रण पातळ, कुठून तरी जास्तीची हवा येतेय. ओला, पेट्रोलचा वास मारणारा प्लग म्हणजे ठिणगीच पडत नाहीये. ओला पण तेलकट, तर रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलपर्यंत जावं लागेल. चारही प्लग ओळीनं, आपापल्या नंबरच्या क्रमानं जुन्या वर्तमानपत्रावर मांडा आणि एकमेकांशी ताडून बघा. चौघे सारखेच काळे असतील तर दोष चौघांच्या आधी, म्हणजे कार्बोरेटर, चोक, एअर फिल्टर यांच्याकडे. एकटाच वेगळा असेल तर दोष त्याच्या घरातला. निदान म्हणतात ते एवढंच : दुखणं सगळ्यांचं आहे की एकाचं.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं सांगायला हवं. कोकणात आणि मुंबईत जूनच्या पहिल्या आठवड्यात ज्या गाड्या अचानक मिसिंग मारायला लागतात, त्यातल्या बऱ्याच डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या, टोपीमुळे. आत दमट हवा बसते. टोपीला बारीक तडा असेल तर करंट त्या ओलीतून पळवाट काढतो आणि जाताना कोळशाची रेघ मागे सोडतो. पेन्सिलीनं ओढल्यासारखी ही काळी रेघ एकदा पडली की कोरड्या दिवसातही करंट त्याच वाटेनं जातो. टोपी पुसून चालत नाही, बदलावी लागते. यावर मेणबत्तीचं मेण लावणारे लोक मी पाहिले आहेत. ते घरापर्यंत पोचतात, बस.

हवेच्या प्रकरणात रबरी नळीची युक्ती आलीच आहे. त्याखेरीज एक खूण सांगतो, ती हमखास आहे. इंजिन गरम झाल्यावरही चोक थोडा ओढलेला असतानाच गाडी स्लो घेते आणि चोक आत ढकलला की बंद पडते, असं असेल तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त मिळतेय. चोरटी हवा सापडली नाही तर स्लोचा जेट बघायचा. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, टाकीतल्या गंजाचा एक कण त्याला पुरतो. तो तारेनं टोकरू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की पुन्हा लहान करता येत नाही. हवेनं फुंका. डेल्कोच्या बाजूला असलेली व्हॅक्यूमची डबीही तपासा. तिचा पडदा फाटलेला असतो आणि त्या बारीक नळीतून इंजिन वर्षानुवर्षं हवा खात असतं, कोणाच्या लक्षातही येत नाही.

इंजिनाच्या आतल्या भानगडींवर मी जास्त लिहिलेलं नाही, कारण तिथे कॉम्प्रेशन गेज आणि अनुभवी माणूस लागतो. पण घरच्या घरी करता येणारी एक परीक्षा आहे. सायलेन्सरच्या तोंडाशी, दोन बोटं अंतरावर, कागदाची पट्टी धरा. निरोगी इंजिन ती एकसारखी बाहेर ढकलतं. मधूनच पट्टी आत ओढली जात असेल तर एखादा एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह नीट बसत नसण्याची शक्यता मोठी.

व्हॉल्व्हच्या या तक्रारीमागे पेट्रोलचाही इतिहास आहे. 2000 सालापर्यंत आपल्याकडे शिसं मिसळलेलं पेट्रोल मिळायचं. शिसं विषारी, ते गेलं हे उत्तमच झालं. पण जुन्या इंजिनांत एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हची सीट त्या शिशाच्या पातळ थरावर टिकून असायची. थर गेला, सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट बंद होत जाते. थंड गाडी छान चालते, गरम झाली की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि स्लो बिघडतो. टकटक करणाऱ्या टॅपेटची सगळ्यांना काळजी. आवाज न करणारा घट्ट टॅपेट जास्त घातक, हे कोणी सांगत नाही.

आणि आता इथेनॉल. 2023 पासून पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे 14.7 भाग लागतात, या मिश्रणाला साधारण 13.5. इथेनॉल स्वतःचा ऑक्सिजन बरोबर घेऊन येतं. नवी गाडी सेन्सरच्या मदतीनं पेट्रोल वाढवून घेते. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो चाळीस वर्षांपूर्वी ठरलेल्या मापानंच वाढतो, आणि मिश्रण पातळ पडतं. स्लोचं मिश्रण थोडं वाढवून जुळवणं इथे योग्यच आहे. अर्ध्या आट्याला मी मान देतो तो एवढ्याच ठिकाणी. त्याबरोबर पंपाचा पडदा, फ्लोटची सुई आणि सगळ्या जुन्या रबरी नळ्या तपासा. इथेनॉल रबर फुगवतं, आणि टाकीत वर्षानुवर्षं बसलेला चिकट थर सोडवून थेट जेटपर्यंत आणून पोचवतं. पेट्रोलची गळती ही स्लोच्या तक्रारीपेक्षा फार मोठी गोष्ट आहे.

कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या एमपीएफआय मारुतीला एकच प्रकरण दिलं आहे. तिथे थ्रॉटल बॉडीत साचलेला कोळसा आणि स्लोची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह या दोन गोष्टी स्वच्छ केल्या की बऱ्याच तक्रारी मिटतात, आणि उरलेल्यांसाठी स्कॅनरवाली पोरं आहेतच. इंजिनाच्या फाउंडेशनचं रबर बसलं असेल तर इंजिन ठीक असूनही अख्खी गाडी थरथरते. त्याला अर्धं पान पुरलं.

जिवाची काळजी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे काम करू नका. स्लोला बिघडलेली गाडी भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडते आणि त्याला वास नसतो. मफलर, ओढणी, सैल बाही पंख्यापासून लांब ठेवा. फियाटचा पंखा इंजिनाबरोबर सतत फिरतो, मारुतीचा इंजिन बंद केल्यावरही अचानक सुरू होऊ शकतो. हवा कुठून शिरते ते शोधायला पेट्रोल शिंपडणारे लोक असतात. त्यांचं अनुकरण नको.

एक वही करा. तारीख, काय बदललं, त्यानं काय फरक पडला. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मध्ये गाडी दहा मिनिटं चालवा. पहिलं प्रकरण प्लगचं आहे. या दोन्ही गाड्यांच्या प्लगना 21 चा पाना लागतो, तो आणून ठेवल्याशिवाय बॉनेट उघडू नका.